रूमेन्काचे सात सेकंद

वर्शात्स, ३ मार्च २०२४

प्रिय यागोदा,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. मेलं असतं तर वेरित्साने फोन केला असता. माझ्या बायकोचा फोन तू उचलतेस, माझा नाही. तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी समजत होतो की मारिबोरच्या लोकांचे दात फारच किडके असतात आणि त्यांच्या डॉक्टरणीला श्वास घ्यायला सवड नसते. म्हणून आता कागद. पत्र नाकारायचं तर पोस्टापर्यंत चालत जावं लागतं, आणि तुझा आळस मला तुझ्या जन्मापासून ठाऊक आहे.

कामाचं बोलतो. रूमेन्काचा कीबोर्ड पाठवून दे.

आपण दोघांनी मासिकातला नकाशा समोर ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बांधलेला तो संगणक अकरा वर्षं बोटांवाचून बसला आहे. आईने त्याला आपल्या विकलेल्या गाईचं नाव दिलं, कारण तिच्या मते दोघीही खातात फार आणि ऐनवेळी देत काही नाहीत. या हिवाळ्यात मी रूमेन्काला उघडलं. आत उंदराने संसार थाटला होता. चिपांचे पाय हिरवे पडले होते. वीज देणाऱ्या डब्यातला कपॅसिटर सुजून जावयासारखा बसला होता. तीन महिने मी चिमटा, ब्रश आणि स्पिरिट घेऊन रोज तिच्यापुढे बसलो. एक मेमरीची चिप मेली होती, ती आमच्या मंडळाच्या अध्यक्षाकडच्या, तिहोमिरकडच्या, एका कायमच्या गेलेल्या यंत्रातून काढून बसवली. परवा माझ्या दुकानातल्या जुन्या टीव्हीला जोडून बटण दाबलं. पडद्यावर 'तयार' असा शब्द उमटला. बाबांनी पिंपाच्या फळ्यांची जी पेटी करून दिली होती, ती तापली आणि खोलीभर पहिल्यासारखा वाईनचा वास सुटला. मी रडलो नाही. वेरित्सा म्हणते रडलो, पण तिला चष्मा बदलायला झाला आहे.

तर ती 'तयार' म्हणते, आणि मी तिला सांगू काही शकत नाही. चुकलं की तिला तीनच शब्द बोलता येतात, आठवतं ना? 'काय?', 'कसं?' आणि 'माफ करा'. आई म्हणायची, या घरात एवढं तरी कोण बोलतं. पण ते तीन शब्द ऐकायलाही आधी तिच्यावर बोटं चालवावी लागतात.

मला हे आत्ताच का सुचलं, तर १३ ऑक्टोबरला आमच्या जुन्या संगणकांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. मंडळात आम्ही पाच जण आहोत, त्यातले दोघे गुडघ्यांमुळे तळघराच्या पायऱ्या उतरू शकत नाहीत, आणि मंडळ तळघरात आहे. पण गावच्या रेडिओने कबूल केलं आहे की त्या रविवारी अकरा वाजता ते पूर्वीसारखा एक प्रोग्राम हवेवर सोडतील. निवेदक म्हणणार, 'टेपरेकॉर्डर तयार ठेवा', आणि मग अडीच मिनिटं ती किंचाळी, प्रोग्रामचे सगळे आकडे आवाज होऊन. ज्याला हवा त्याने टेप करून आपल्या यंत्रात घालावा. या गावाने असं शेवटचं ऐकलं त्याला चाळीस वर्षं होतात.

२०१३च्या प्रदर्शनात जे झालं त्यात माझी चूक नव्हती असं मी म्हणत नाही. तुझी जास्त होती असं म्हणतो. पाटीवर 'निर्माता: झिवोयिन ओस्तोइन' एवढंच होतं, कारण पाटी लहान होती. आणि कोणीतरी तुझ्याकडे बोट केलं तेव्हा मी चेष्टेत म्हणालो, "ही माझी बहीण, लहानपणी वायरी धरायची." चेष्टाच होती ती. त्यावर शंभर माणसांदेखत नखं घासायच्या कानशीने स्क्रू काढून कीबोर्ड पिशवीत घालायचा? बरं, त्याच पिशवीत माझ्यासाठी भाजून आणलेलं खसखशीचं स्ट्रुडल होतं, तेही परत नेलंस.

तुझा थोरला भाऊ,
झिका

ता. क. फुगे असलेल्या प्लास्टिकात गुंडाळ. फोडत बसू नकोस.


वर्शात्स, १४ एप्रिल २०२४

प्रिय यागोदा,

कार्ड मिळालं. पुलाचं चित्र सुंदर आहे. मागे 'नाही' एवढाच शब्द आहे, तोही ठळक. एका शब्दासाठी पोस्टापर्यंत गेलीस, म्हणजे आळस कमी झालेला दिसतो. आनंद आहे.

आता मी जे सांगतो ते बसून वाच. आईच्या कोठीत, लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्यांमागे, मला कॅसेट सापडली. वर आईच्या अक्षरात 'मिलेवाच्या लग्नातले नाच', त्यावर काट मारून खाली तुझ्या अक्षरात 'द्राक्षमळा'.

हो, तीच. तुझा खेळ. मळ्यात साळुंक्यांचे थवे उतरतात, बुजगावणं इकडून तिकडे पळतं, आणि साळुंकी म्हणजे नुसता एक तारा, द्राक्ष म्हणजे नुसता एक ठिपका, तरी बाबा पडद्यावरच्या ताऱ्यांना खऱ्याखुऱ्या शिव्या द्यायचे. सोळा वर्षांच्या पोरीने कागदावर एक ओळ न लिहिता सगळा डोक्यातून थेट यंत्रात उतरवला. आणि त्याची एकुलती एक कॅसेट बेलग्रेडच्या रेडिओला पाठवून दिली! मी तेव्हाच म्हणालो होतो की एक नक्कल ठेव. तू म्हणालीस, "दुसरी कॅसेट कुठाय? लग्नाचे नाच पुसू का?" शेवटी नाच पुसलेच. त्यांनी कॅसेट परत पाठवली नाही, यंत्र बंद केलं की सगळं विसरतं, तेव्हा रेडिओवर लागेल तेव्हा टेप करून घेणं एवढा एकच मार्ग उरला.

तो रविवार मला काल झाल्यासारखा आठवतो. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर जोडायची वायर आदल्या दिवशी जळली होती. कोणी जाळली ते आता महत्त्वाचं नाही. मग मायक्रोफोन रेडिओपुढे धरून टेप करायचं ठरलं आणि घरात चिडीचूप. आईला मावशीकडे धाडलं. बाबांना सांगितलं, खोकला आला तर पिंपात खोका. कोंबडा टोपलीखाली झाकला. तुला मी फाटकापाशी उभं केलं, रस्त्यावरून कोणी ट्रॅक्टर किंवा भांडण घेऊन आलं तर थोपवायला. आत मी एकटा, मायक्रोफोनसमोर.

मग पुढचं तुला माहीत आहे. टेप यंत्रात घातली आणि रूमेन्का म्हणाली, 'काय?' दहा वेळा घातली, दहा वेळा 'काय?' तू फाटकापाशी आनंदाने ओरडलीस आणि ते टेपेत गेलं, हे तेव्हा आपण सगळ्यांनीच मान्य केलं होतं. मी तुला कधी टोचून बोललो नाही. तू त्यानंतर यंत्राला हात लावला नाहीस, ती तुझी मर्जी.

पण आता जमाना बदलला. लॅपटॉपवर हा आवाज चित्रासारखा दिसतो, एकेक टोक हाताने सरळ करता येतं. कीबोर्ड पाठव, खेळ मी काढून देतो.

झिका


वर्शात्स, २ जून २०२४

प्रिय यागोदा,

तुझं दुसरं कार्ड वाचून वाईट वाटलं. 'ती कॅसेट वाजवू नकोस. माझं ओरडणं मला पुन्हा ऐकायचं नाही.' अगं, चाळीस वर्षं झाली! आणि मी वाजवून बसलोसुद्धा.

सात आठवडे लागले. टेप जागोजागी चिकटली होती. ती ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजून काढावी असं कोणीतरी सुचवलं, पण वेरित्साने ओव्हनपुढे खुर्ची टाकली आणि तिथेच विणत बसली. शेवटी माझ्या हातांनी सोडवली. त्याच आठवड्यात तिहोमिरच्या यंत्राची पिवळी पडलेली पेटी पांढरी करायला मी वेरित्साच्या पार्लरमधलं केस रंगवायचं औषध वापरलं, त्यामुळे घरात तसंही वातावरण तापलेलंच होतं. पार्लरमध्ये एक नवरी आली होती आणि औषध नव्हतं.

पण ऐक! अडीच मिनिटांपैकी सात सेकंद सोडले तर सगळा प्रोग्राम सापडला. साळुंक्या आहेत, बुजगावणं आहे, वाऱ्याने द्राक्षं हलतात तीसुद्धा. शेवटाकडचे फक्त सात सेकंद गेले आहेत. साधारण सहा ओळी असतील. तेवढ्या तूच भरू शकतेस. आठवून लिहून पाठव.

आणि तुझ्या ओरडण्याची चिंता सोड. ते कुठेही नाही, मी शंभर वेळा ऐकलं. त्या सात सेकंदांवर ट्रॅक्टर आहे.

कीबोर्डही पाठव.

झिका


वर्शात्स, ३० जून २०२४

यागोदा,

यावेळी कार्ड नव्हतं, आख्खं पत्र होतं, आणि त्यात शिव्या सोडून तीनच ओळी होत्या. 'माझं ओरडणं कुठेही नाही, तर चाळीस वर्षं मी ओरडले असं कोण म्हणत होतं? आणि ट्रॅक्टर कसा येईल, मी फाटकापाशी होते, दोन ट्रॅक्टर मी स्वतः थांबवले. त्या सात सेकंदांत काय आहे?'

तुझी ही सवय वाईट आहे. दाताच्या डॉक्टरसारखी एकाच ठिकाणी टोचत राहतेस.

ट्रॅक्टर नसेल, मी नीट ऐकलं नसेल. बहुधा शेजारचे ओब्राद काका अकॉर्डियन वाजवत असतील. त्यांना रविवारची सवय होती. तो काळच तसा, माणसं वाजवायची. असो. काय आहे यापेक्षा खाली काय होतं हे महत्त्वाचं. मी स्वतः भरून पाहिलं. सोपं नाही. टेपेच्या शेवटी सगळ्या आकड्यांची बेरीज असते, हे तुला मी काय सांगणार. लॅपटॉपवर रूमेन्काचं सोंग घेणारा एक प्रोग्राम आहे, त्यात घालून पाहतो. एक अक्षर चुकलं तरी बेरीज जुळत नाही आणि ते सोंगसुद्धा म्हणतं, 'काय?' मी खेळाच्या शेवटी 'मळा लुटला' लिहून पाहिलं. 'काय?' 'साळुंक्या जिंकल्या' लिहून पाहिलं. 'काय?' एकदा सहज माझं नाव लिहून पाहिलं, फक्त अक्षरं मोजायला. त्यालाही 'काय?' म्हणाली.

वेरित्सा विचारत होती की मी हेडफोन लावून काय ऐकतो आणि ती आली की का काढतो.

झिका

ता. क. वेरित्साने आत्ताच आठवण करून दिली की ऑक्टोबर ८४ मध्ये ओब्राद काका हर्नियाचं ऑपरेशन होऊन इस्पितळात होते. तुला आठवत नसेल तर बरंच.


वर्शात्स, १८ ऑगस्ट २०२४

यागोदा,

तुझ्या कार्डावर 'हर्निया' एवढंच लिहिलं आहे. मी ते वेरित्साला दाखवलं नाही, पण तिच्याकडून आता लपवायला काही उरलेलंही नाही.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आपण तर खरोखरचा कोंबडा झाकला होता. गुरुवारी मी बाजारात गेलो आणि हेडफोनचं टोक लॅपटॉपमधून निघालेलं राहिलं. वेरित्सा टेबल पुसायला आली आणि तिचा हात कुठेतरी लागला. मी टरबूज घेऊन आत शिरलो तेव्हा ती खुर्चीत ताठ बसली होती आणि स्वयंपाकघरात किंचाळी चालू होती. मग किंचाळीवर तो आवाज आला. वीस वर्षांचा, कोवळा, अक्कल नसलेला.

"ऐकतेस ना, वेरित्सा? हा अख्खा प्रोग्राम मी लिहिलाय! बहीण? छे, ती नुसती वायरी धरते."

मी सांगतो काय झालं होतं. तू फाटकावर गेलीस आणि ही मागच्या खिडकीशी आली. आईकडे खमीर मागायला. पिवळा झगा घातला होता. मी बोटाने तिला गप्प राहा म्हणून खुणावलं, आणि ती गप्प राहिलीसुद्धा! ती माझ्या खुणेने गप्प राहिली आणि बोललो मीच. मायक्रोफोन हातात होता यागोदा, माझ्याच हातात. सात सेकंद. नंतर टेप चालेना, तेव्हा तू दारात उभी राहून विचारलंस, "मी ओरडले म्हणून का रे?" मी हो म्हणालो. मला वाटलं, उद्या सांगेन.

तू तीन दिवस जेवली नाहीस. चौथ्या दिवशी मला वाटलं, आता सांगून काय उपयोग. दोन वर्षांनी तू दाताच्या कॉलेजात गेलीस, तेव्हा मी स्वतःला समजावलं की तुला दातच आवडतात.

वेरित्साने सगळी टेप दोनदा ऐकली. मग म्हणाली, "म्हणजे मी ज्याच्यावर भाळले तो प्रोग्राम तू लिहिलाच नव्हतास?"

म्हटलं, "कथिलाचे डाग तरी मीच दिले होते सगळे. दोनशे चाळीस डाग. बोटं भाजली होती."

"मी खमीर मागायला आले होते, झिका. तेही विसरले त्या नादात. घरी जाऊन आईला म्हणाले, ओस्तोइनांच्या पोराचं डोकं बघ काय आहे! आणि डोकं उभं होतं फाटकावर, ट्रॅक्टर अडवत!"

"चाळीस वर्षांत मी तुला काही कमी केलं का?"

"चाळीस वर्षं मी चुकीच्या भावंडाचं कौतुक केलं," म्हणाली, आणि टरबूज माझ्या हातातून घेऊन शेजारणीला देऊन आली.

तेव्हापासून घरात रोज राजमा. हाक मारायची झाली तर 'लेखक महाशय' म्हणते. काल पार्लरमधल्या बायकांना सांगत होती, "आमचे हे सुद्धा लिहितात. बहीण लिहिते तेव्हा."

आता तुला सगळं कळलं. २०१३ मध्येही मी तेच वाक्य बोललो हे मला त्या टेपेवर ऐकेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. एकदा खोटं बोललं की तोंडाला त्याची वाट पाठ होते बहुतेक. तरुण होतो, पिवळा झगा होता, खिडकी उघडी होती. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

झिका


वर्शात्स, ८ सप्टेंबर २०२४

प्रिय यागोदा,

कार्ड मिळालं. 'रूमेन्काला तीन शब्द येतात. पत्रभर तू पहिले दोनच वापरलेस.'

मी पत्र पुन्हा डोळ्यांसमोर आणून पाहिलं. खरं आहे. काय झालं ते लिहिलं. कसं झालं ते तर झग्याच्या रंगासकट लिहिलं.

हे या आठवड्यातलं चौथं पत्र आहे. पहिल्यात मी लिहिलं होतं, 'माफ कर, पण'. वेरित्सा मागे उभी होती, तिने 'पण' पाहिलं आणि कागद काढून घेतला. दुसऱ्यात 'जर तुला वाईट वाटलं असेल तर' असं लिहिलं. तोही गेला. तिसऱ्यात मी फार सुंदर लिहिलं होतं, त्यात बाबा, आई, कोंबडा, सगळे आले होते. ती म्हणाली, "हे पत्र तुझ्याबद्दल आहे. दुसरा कागद घे."

माफ कर, यागोदा.

तू ओरडली नव्हतीस. मी बोललो होतो. ज्या प्रोग्रामचा एक शब्दही मी लिहिला नव्हता तो माझा म्हणालो, आणि तो बुडाला तो दोष तुझा म्हणालो. तू हुशार होतीस, माझ्याहून फार हुशार, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच बोललो.

कीबोर्ड ठेव. तो तुझाच आहे. प्रदर्शनात मी यंत्र बोटांवाचून मांडीन आणि कोणी विचारलं तर कारण सांगीन.

झिका

(झिकाने हे पत्र स्वतः लिहिलं आहे, मी फक्त कागद पुरवले. आज राजमा नाही. — वेरित्सा)


वर्शात्स, २९ सप्टेंबर २०२४

माझ्या यागोदा,

खोकं शुक्रवारी आलं. पोस्टातली बाई म्हणाली, "स्लोव्हेनियाहून काय मागवता? दात?" मी ते छातीशी धरून घरी आणलं. वाटेत तिहोमिर भेटला, उघडून दाखव म्हणाला. मी त्याला ओळख दाखवली नाही.

फुग्यांचं प्लास्टिक होतं, आणि एकूण एक फुगा फोडलेला होता. तू अजिबात बदललेली नाहीस.

कीबोर्ड तू इतका स्वच्छ ठेवला आहेस की मला लाज वाटली. बटणांच्या खाचांत धूळ नाही, स्प्रिंगा तेल दिल्यासारख्या चालतात. वेरित्सा म्हणाली, दाताच्या डॉक्टरणीकडे असल्यावर बत्तीशी साफ असणारच. चारही स्क्रू कागदी पुडीत होते, आणि कानससुद्धा पाठवलीस. मी त्याच कानशीने स्क्रू बसवले. आणि खोक्याच्या तळाशी औषधं लिहायच्या चिठ्ठीवर सहा ओळी. पत्र नाही, नमस्कार नाही, फक्त सहा ओळी.

मी त्या न वाचता उतरवून घेतल्या, अक्षर अक्षर, एकेक डाग देतो तशा, पुढे न बघता. अक्षरांचे आकडे केले, त्या सात सेकंदांच्या जागी बसवले, माझा आवाज काढून टाकला. मग नव्या कॅसेटवर घेऊन रूमेन्काला जोडलं. वेरित्साने दार लावलं आणि रेडिओ, घंटी, फ्रीज, सगळं बंद केलं. गरज नव्हती, आता वायर आहे. अडीच मिनिटं आम्ही दोघं हात बांधून उभे होतो. वाईनचा वास यायला लागला. किंचाळी थांबली. रूमेन्काने बेरीज केली असणार, आणि मग म्हणाली, 'तयार'.

'काय?' नाही म्हणाली! चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिला डाव वेरित्साला दिला. तिने बुजगावणं कुंपणात अडकवून ठेवलं आणि ताऱ्यांनी मिनिटभरात सगळा मळा फस्त केला. बाबा असते तर टीव्हीला काठी मारली असती. शेवटचं द्राक्ष गेलं, पडदा कोरा झाला, आणि मधोमध तुझी सहावी ओळ उमटली.

'यागोदा आणि झिका'.

वेरित्सा हळूच म्हणाली, "हे तिने आत्ता घातलं असेल. तुझी समजूत काढायला."

मी म्हटलं, नाही. आत्ता घातलं असतं तर बेरीज जुळली नसती. एक अक्षर वेगळं असतं तरी रूमेन्काने 'काय?' विचारलं असतं. हे तेव्हाच होतं. सोळाव्या वर्षी, मी न मागता, कॅसेट पाठवायच्या अगदी आधी, मला न दाखवता, तू माझं नाव तुझ्या नावाशेजारी लिहून बेलग्रेडला पाठवलं होतंस. म्हणून नक्कल ठेवायला तयार नव्हतीस. मी रेडिओवर ऐकावं, टेप घालावी, आणि शेवटी एकदम दिसावं. बरोबर ना? आणि मी खिडकीत उभा राहून 'मी लिहिलाय' म्हणालो ते नेमकं त्या ओळीवर. अर्धा वाटा तू दिलाच होतास, आणि मी आख्ख्याच्या नादात तोच पुसला.

या वेळी मी रडलो. वेरित्साला चष्मा बदलायची गरज नाही.

पाटी नवी केली आहे, मोठी, बाबांच्या उरलेल्या फळीची. 'द्राक्षमळा: यागोदा ओस्तोइन. डाग देण्याचं काम: झिका.' वेरित्सा म्हणते खाली 'ट्रॅक्टर अडवणे' असंही एक खातं हवं. त्यावर विचार चालू आहे.

प्रदर्शन दुपारी चारला उघडतं. पण रेडिओवाले अकरा वाजता तुझाच खेळ सोडणार आहेत, कॅसेट मी काल देऊन आलो आणि नक्कल ठेवली, पाच ठिकाणी. तू शनिवारी ये. सकाळी आपल्याच स्वयंपाकघरात टेप करू, मायक्रोफोन धरून, तसंच. वेरित्सा त्या दिवशी कोणाकडे खमीर मागायला जाणार नाही, तिने शब्द दिला आहे. शेजाऱ्यांचा कोंबडा मी टोपलीखाली घालीन.

तू आत बस, रेडिओपाशी, मायक्रोफोन तुझ्या हातात. ओरडावंसं वाटलं तर ओरड. फाटकापाशी मी उभा राहतो.

तुझा
झिका